पाणथरीपुराण

गेले दोन महिने विकांताचं लिखाण बंद होतं. कारण चार पायांचं आहे, आत्ता माझ्या खुर्चीत बसलंय, आणि म्हणून मी हे जमिनीवर मांडी घालून टंकतोय.

तर झालं असं. आमचे बंडोपंत (वय ११, वर्ण पिवळा, स्वभाव निवृत्त मामलेदाराचा) पावसाळ्यात अधूनमधून ओकायला लागले. आधी वाटलं, केसांचा गोळा असेल. एका दवाखान्यात नेलं, तिथे पोटाला हातही न लावता अ‍ॅसिडिटीचं औषध मिळालं. दोन महिन्यांत चार किलोचा बोका सव्वातीन किलोवर आला. मग एका मित्राने दुसऱ्या डॉक्टर मॅडमकडे पाठवलं. त्यांनी पोट चाचपलं, एकदम गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "सोनोग्राफी करून घेऊ. प्लीहा फार मोठी लागतेय हाताला."

सोनोग्राफी झाली, सुई घालून पेशी तपासल्या. निदान: प्लीहेत मास्ट पेशींचा ट्यूमर. उपाय: प्लीहा काढून टाकणे.

आता मला सांगा, प्लीहा म्हणजे नक्की काय हे तुमच्यापैकी किती जणांना माहितीये? मी बारावीला बायोलॉजी ऑप्शनला टाकलेला माणूस. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अरे म्हणजे पाणथरी! मलेरियात सुजते ती." म्हणजे मराठीत शब्द होता, मलाच माहीत नव्हता.

मॅडमनी विचार करायला दोन दिवस दिले. आमच्या धंद्यात एक प्रश्न रोज पडतो: हे जुनं मोड्यूल कुणी लिहिलंय, का लिहिलंय माहीत नाही, पण काढलं तर काय काय मोडेल? त्या दोन दिवसांत मी हाच प्रश्न घेऊन वाचत बसलो. आणि कळलं की माणूस पाणथरीबद्दल गेली दोन हजार वर्षं नेमकं हेच विचारतोय.

ग्रीक वैद्यांचा हिशोब चार रसांचा: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. बाकीच्या रसांना शरीरात घरं होती, काळ्या पित्ताला द्यायला घर हवं होतं. दुसऱ्या शतकातल्या गेलेनच्या मांडणीत ते घर म्हणजे प्लीहा. तिने काळं पित्त नीट शोषलं नाही की माणूस उदास होतो. 'मेलन्कोली' या शब्दाचा मूळ अर्थच काळं पित्त. इंग्रजीत आजही चिडचिडीला 'स्प्लीन' म्हणतात, आणि बोदलेअरच्या मृत्यूनंतर १८६९ साली निघालेल्या गद्यकवितांच्या पुस्तकाच्या नावातही हीच बाई आहे. गंमत म्हणजे तालमूदमध्ये हीच प्लीहा हसण्याचं इंद्रिय आहे. एकाच अवयवाकडे रडण्याचं आणि हसण्याचं, दोन्ही खाती! रोमन लेखक प्लिनी तर लिहून गेला की धावपटूंना प्लीहा आड येते, ती काढूनही प्राणी जगतात, आणि काहींच्या मते ती गेली की हसूही जातं.

आपल्याकडे चरकाने मात्र तिला मनापासून लांब ठेवलं आणि रक्ताशी जोडलं. रक्त वाहून नेणाऱ्या स्रोतसांचं मूळ यकृत आणि प्लीहा, असं चरकसंहिता सांगते. प्लीहा वाढून पोट फुगण्याला 'प्लीहोदर' असं स्वतंत्र नावही आहे. आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं अशी आरती मी ओवाळणार नाही, पण रक्ताशी संबंध लावला तो बरोबर होता.

प्रत्यक्ष काढून बघण्याची हिंमत कुणी केली? १६५० च्या दशकात ऑक्सफर्डमधल्या काही उत्साही तरुणांनी. त्यातल्या एकाने कुत्र्याची प्लीहा काढली, कुत्रा जगला आणि पुन्हा हुंदडायला लागला. या तरुणाचं नाव ख्रिस्टोफर रेन. होय, तोच, ज्याने पुढे लंडनचं सेंट पॉल्स कॅथीड्रल बांधलं! इमारतीतला कुठला खांब काढला तर छत पडत नाही, हे शोधायची सवय त्याला तेव्हापासूनची असावी (हा माझा फाजील तर्क).

म्हणजे सतराव्या शतकातच एक गोष्ट दिसली होती: काढली तर प्राणी मरत नाही. यातून सोयीस्कर निष्कर्ष निघाला की ही निरुपयोगी आहे. टेस्ट पास झाली म्हणजे कोड बरोबर, असं म्हणण्यातला हा प्रकार. पण ते नंतर.

माणसाच्या बाबतीत गाडी फार हळू चालली. सोळाव्या शतकात नेपल्समध्ये अशी शस्त्रक्रिया झाल्याची एक कथा आहे, पण इतिहासकार तिच्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. १८२६ मध्ये जर्मनीत रोस्टॉकच्या क्विटेनबाउमने प्रयत्न केला, रुग्ण दगावली. १८६५ मध्ये लंडनच्या स्पेन्सर वेल्सने केला, तीही दगावली. प्लीहेला मोठी धमनी आहे. पोटात खोलवर, डाव्या बरगड्यांखाली, रक्ताने भरलेला हा स्पंज. तिथे रक्त सुटलं की थांबवायला साधन नव्हतं.

मग १८६७. पॅरिसमध्ये झूल पेआन नावाच्या सर्जनने वीस वर्षांच्या एका तरुणीचं पोट उघडलं, ते अंडाशयाची गाठ समजून. निघाली प्लीहेची गाठ. आता मागे फिरणं शक्य नव्हतं, त्याने अख्खी प्लीहा काढली आणि बाई चक्क वाचली. वीस वर्षांनी, १८८७ मध्ये, स्पेन्सर वेल्सच्या हातून असंच झालं: गर्भाशयाची गाठ म्हणून पोट उघडलं आणि प्लीहा सापडली. ती बाई नुसती वाचली नाही, तिची वर्षानुवर्षांची कावीळही गेली. तिच्या तांबड्या पेशी जन्मतःच गोलसर, ठिसूळ होत्या आणि प्लीहा त्या भराभर मोडीत काढत होती, हा उलगडा नंतरचा. दोघांचा नेम चुकला आणि बरोबर जागी लागला.

पण या दोघांचं खरं देणं वेगळंच आहे. रक्तवाहिनी पकडून ठेवणारे, कात्रीसारखे दिसणारे, लॉक होणारे चिमटे दोघांनीही घडवले. आजही एक चिमटा पेआनच्या नावाने ओळखला जातो आणि एक स्पेन्सर वेल्सच्या. आमच्या मॅडमना ऑपरेशननंतर सहज विचारलं, तर त्यांनी ट्रेमधला एक उचलून दाखवला आणि म्हणाल्या, "हा काय, स्पेन्सर वेल्स. बंडोपंतांच्या शिरा यानेच धरल्या होत्या." अंगावर काटा आला राव.

इथे थोडं थांबून एक वाईट गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती वाचल्यावर मी त्या रात्री पुढे वाचूच शकलो नाही.

मलेरियात प्लीहा सुजते, हे आईला माहीत होतं तसं ते इंग्रजांनाही माहीत होतं. एखाद्या गावात मलेरिया किती, हे मोजायला पोरांची पोटं चाचपून किती जणांची प्लीहा हाताला लागते ते बघायचं, ही पद्धत भारतातच १८४० च्या दशकात कर्नालच्या बाजूला डेम्प्स्टर या डॉक्टरने वापरली. रक्ततपासणी नसताना हे मोठंच डोकं.

पण सुजलेली प्लीहा हलक्या माराने फुटते. आणि त्याचा वापर कोर्टात झाला.

३१ ऑक्टोबर १८७५, आग्रा, रविवारची सकाळ. फुलर नावाच्या इंग्रज वकिलाला कुटुंबासकट चर्चला जायचं होतं. गाडी आली तेव्हा कटवारू हा मोतद्दार जागेवर नव्हता. फुलरने त्याच्या तोंडावर मारलं, केस धरून ओढलं, तो पडला. उठून शेजारच्या आवारात गेला आणि थोड्याच वेळात मेला. डॉक्टरांनी सांगितलं, प्लीहा फुटली. जॉइंट मॅजिस्ट्रेटने फुलरला शिक्षा दिली तीस रुपये दंड, आणि तो न भरल्यास पंधरा दिवसांची साधी कैद. दंडाचे पैसे कटवारूच्या विधवेला द्यायचे.

१८७६ मध्ये व्हाइसरॉय लिटनने या निकालावर जाहीर नापसंती नोंदवली आणि मॅजिस्ट्रेटची बढती वर्षभर रोखली. त्यावर इथला गोरा समाज आणि त्यांची वर्तमानपत्रं लिटनवरच तुटून पडली. हे एकच प्रकरण नव्हतं. साहेबाची लाथ आणि नेटिवाची नाजूक प्लीहा, ही जोडी पुढेही खटल्यांत येत राहिली. मरणाऱ्याचा अवयवच दोषी! मारणाऱ्याने फक्त जरा हात लावला.

माझ्यासमोर बोक्याच्या ऑपरेशनचं एस्टिमेट होतं. एका बऱ्यापैकी नव्या फोनची किंमत. आणि डोक्यात तीस रुपये. यातून काय तात्पर्य काढायचं ते मला अजूनही कळलेलं नाही. बोक्यावर खर्च करू नये, असं मुळीच नाही. पण तो आकडा त्या एस्टिमेटच्या शेजारून हलेना, एवढं खरं.

असो. पुढे जाऊ.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर्जन मंडळी फॉर्मात होती. भूल होती, निर्जंतुक हात होते, चिमटे होते. प्लीहा फाटली? काढा. १९१६ मध्ये प्रागमधला काझनेल्सन नावाचा वैद्यकीय विद्यार्थी आपल्या प्राध्यापकांना म्हणाला की, प्लेटलेट्स कमी होऊन रक्तस्राव होतोय, तर प्लेटलेट्स खाणारी प्लीहाच काढून बघू. काढली, आणि पेशंट सुधारली! थिओडोर कोकरसारखा नोबेलविजेता सर्जनही प्लीहा काढल्याने काही वाईट होत नाही, अशाच मताचा होता.

१९१९ मध्ये मॉरिस आणि बुलक या दोघांनी उंदरांवर प्रयोग केले. प्लीहा काढलेले उंदीर एरवी ठणठणीत, पण जंतुसंसर्ग झाला की पटापट मरतात. त्यांनी स्पष्ट इशारा दिला, माणसांतही असं होऊ शकतं. कुणी ढुंकून पाहिलं नाही. आपल्याकडे कसं, कुणीतरी तीन वर्षांपूर्वी टाकलेला बग 'पुनरुत्पादित होत नाही' म्हणून बंद केलेला असतो, आणि मग प्रॉडक्शन पडतं तेव्हा तो सापडतो? अगदी तसं. तेहेतीस वर्षांनी, १९५२ मध्ये, अमेरिकेत इंडियाना इथल्या किंग आणि शूमाकर यांनी पाच तान्ह्या बाळांची हकीकत छापली. सगळ्यांची प्लीहा सहा महिन्यांच्या आत काढलेली. नंतर त्यांना गंभीर संसर्ग झाले आणि दोन बाळं गेली. तेव्हा कुठे जग जागं झालं.

प्लीहा रक्ताची गाळणी आहे. जाड आवरण असलेले काही जंतू, उदाहरणार्थ न्यूमोनियाचे, रक्तातून टिपून काढणं ही तिची खासियत. ते काम रोज पडत नाही, म्हणून ती गेली तर रोज कळत नाही. एरर हँडलिंगचा कोड काढून टाकला तरी डेमो नीट होतोच की!

मग वारं फिरलं. टोरांटोमध्ये मुलांची फाटलेली प्लीहा न काढता सांभाळता येते, हे १९६८ च्या एका गाजलेल्या लेखात मांडलं गेलं. लेखक उपाध्याय आणि सिम्पसन. त्यातले उपाध्याय म्हणजे दिल्लीच्या एम्समधले बालशल्यचिकित्सक डॉ. पुरुषोत्तम उपाध्याय. माकडांच्या प्लीहेची जखम कशी भरून येते यावरही त्यांनी त्याच सुमारास काम केलं. आज माणसाची प्लीहा काढायचीच झाली तर लसी देतात, ताप आला तर लगेच डॉक्टरांकडे पळायला सांगतात.

हे सगळं वाचून माझी पाचावर धारण बसली. म्हटलं, बंडोपंतांचं काय? दुसऱ्या दिवशी मॅडमसमोर वहीच उघडली.

"मांजरांत तो संसर्गाचा धोका आम्हाला क्वचित दिसतो," त्या म्हणाल्या. "मुळात मांजराची प्लीहा निराळी असते. तुम्ही कुत्र्यांचं वाचून आलात ना?"

वाचलं होतं. जालावर जे सापडतं त्यातलं बरंचसं कुत्र्यांचंच असतं. कुत्र्यांसाठी एक ढोबळ 'दोन तृतीयांश' नियम सांगतात: प्लीहेच्या गाठींतल्या दोन तृतीयांश कर्करोगाच्या, आणि त्यातल्या दोन तृतीयांश रक्तवाहिन्यांच्या फार वाईट कर्करोगाच्या, ज्यात नुसत्या ऑपरेशननंतर कुत्रा जेमतेम काही महिने काढतो. तो आकडा घेऊन मी दोन रात्री जागलो होतो. तो आमच्या केसचा नव्हताच.

मांजराची प्लीहा निराळी म्हणजे कशी? माणसाच्या किंवा कुत्र्याच्या प्लीहेत तांबड्या पेशींना बारीक फटींतून अंग चोरून जावं लागतं. म्हाताऱ्या, खराब पेशी तिथे अडकतात. मांजराच्या प्लीहेत तशा फटींच्या भिंती नाहीत, मोकळी दारं आहेत. चौकीदार जरा सुस्त. त्यात मांजराचं हिमोग्लोबिन भलतंच नाजूक. प्रत्येक रेणूवर आठ गंधकवाले गट, माणसाच्या दोन. त्यामुळे ते चटकन ऑक्सिडाइझ होतं आणि पेशीत गोळे जमतात. हे गोळे जर्मनीच्या हाइन्झने १८९० मध्ये दाखवले, म्हणून 'हाइन्झ बॉडीज'. कांदा-लसूण मांजराला विष का, याचं उत्तर हे. आणि पॅरासिटामॉल मांजराला जीवघेणं का, याचंही.

हे मी मुद्दाम सांगतोय. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी बंडोपंत कण्हत होते. आई कळवळून म्हणाली, "अरे, तापाची अर्धी गोळी दे चुरडून, लेकराला दुखतंय." मीही उठलो होतो. बायकोने वहीतलं ते पान समोर धरलं. ती गोळी पोटात गेली असती तर हा लेख झाला नसता, दुसराच कुठला तरी झाला असता.

आता मांजरं आणि विज्ञान. १९२० च्या दशकात केंब्रिजच्या जोसेफ बारक्रॉफ्टने दाखवलं की प्लीहा रक्ताची राखीव टाकी आहे, प्राणी धावला की ती आकसते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी प्रवाहात सोडते. तिकडे हार्वर्डला वॉल्टर कॅनन होता, 'लढा किंवा पळा' ही कल्पना मांडणारा. १९२८ मध्ये त्याने आणि मेक्सिकोच्या इझ्किएर्दोने दाखवलं की मांजर घाबरलं-चिडलं की त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींची संख्या वाढते, आणि प्लीहा काढलेल्या मांजरात ती तशी वाढत नाही.

म्हणजे बंडोपंतांचं पुढे काय होणार, हे मला शंभर वर्षांपूर्वीच्या काही मांजरांनी सांगितलं होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांची प्लीहा त्यांच्या भल्यासाठी काढली नव्हती. माझ्या वहीत त्यांची नावं नाहीत, बहुतेक त्यांना नावं नव्हतीच.

आणि मास्ट पेशी? १८७८ मध्ये पॉल एर्लिखने हे नाव दिलं. पेशी कणांनी गच्च भरलेली दिसली, त्याला वाटलं खाऊन पुष्ट झालीय, म्हणून 'मास्ट', म्हणजे पोसलेली. ते कण असतात हिस्टामिन वगैरेचे. ते रक्तात सुटलं की पोटात आम्ल वाढतं आणि उलट्या. म्हणजे अ‍ॅसिडिटी होती हे खरं, पण ती पोटाची नव्हती! म्हणूनच ऑपरेशनच्या आधी अँटिहिस्टामिन देतात, नाहीतर प्लीहा हाताळतानाच हिस्टामिनचा लोंढा सुटून रक्तदाब कोसळतो.

शेवटी मी तो एक प्रश्न विचारला. मॅडमनी गोल गोल उत्तर दिलं नाही. म्हणाल्या, या ट्यूमरमध्ये प्लीहा काढल्यावर मांजरं बरीच जगतात. २०१८ च्या एका अभ्यासात अशी ६४ मांजरं होती. ऑपरेशन झालेल्यांच्या जगण्याचा मध्यक दोन वर्षांहून जास्त आला, न झालेल्यांचा वर्षभराच्या आसपास किंवा त्याहून कमी. जुन्या अभ्यासांतले आकडे याहून कमी आहेत. आजार इतरत्र पसरलाय का, यावर बरंच अवलंबून. मध्यक म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको: निम्मे त्याच्या आधी, निम्मे नंतर. आपण कुठल्या निम्म्यात, ते आकडा सांगत नाही.

आम्ही हो म्हटलं. रक्त लागलंच तर म्हणून रक्तगट तपासला (मांजरांत ए, बी आणि एबी असतात, चुकीचं रक्त जीव घेऊ शकतं) आणि मित्राचा एक धष्टपुष्ट बोका राखीव ठेवला. त्याची गरज पडली नाही. तास-दीड तासात मॅडम बाहेर आल्या. दोन रात्री तिथे, मग घरी. गळ्यात प्लास्टिकचं कोन, पोटावर टाके, दहा दिवस उड्या बंद. पहिले तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. चौथ्या दिवशी आईने बोंबील उकडून (मीठ-कांदा काही नाही!) पुढे ठेवला आणि पंतांनी तो संपवून ताटली चाटली. आई डोळे पुसत म्हणाली, "मेल्याने घाबरवलं." बाराव्या दिवशी टाके निघाले.

परवा खाली कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला. बंडोपंत दचकले, दोन ढांगांत कपाटावर. एरवी अशा वेळी पाणथरी आकसून त्यांना दोन घोट जादा रक्त देती. आता ती टाकी नाही. वर जरा धापा टाकत बसले, मग पंजा चाटायला लागले. मी खाली स्टूल घेऊन उभा.

दर रविवारी मी त्यांना पिशवीत घालून काट्यावर तोलतो आणि वहीत आकडा लिहितो. गेल्या रविवारी तीन किलो नऊशे. खुर्ची अजून मिळालेली नाही.